भैरव पंप ओपनचं शेवटचं वर्ष

“मग मी उचलते की बॅग,” इंदू म्हणाली. “मिरचीची पोती उचलते रोज, ही काय त्याहून जड आहे?”

गोल्फ क्लबच्या मागच्या फाटकाबाहेर चिंचेखाली सगळे कॅडी, खेळाडूंच्या बॅगा वाहणारे, मांड्या घालून बसले होते. स्पर्धेचा शेवटचा दिवस, आणि एकही जण आत यायला तयार नव्हता. स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीने कॅडींना बूट देतो म्हणून सांगितलं होतं. आल्या नुसत्या टोप्या. पिवळ्या, पुढे पंपाचं चित्र. त्या टोप्या त्यांनी चिंचेच्या फांद्यांना अडकवल्या होत्या.

“खंडू, ऊठ,” मी म्हणालो. “आजचा दिवस काढ. मी स्वतः बोलतो सेक्रेटरींशी.”

खंडू माझ्या शेजारच्या घरातला. तीन वर्षं माझी बॅग तोच वाहत होता.

“तुझ्यावर राग नाही, मास्तर,” तो म्हणाला. “पण तू आता आतला झालास. आम्ही अजून चिंचेखालीच.”

“मी कसला आतला? मलाही याच फाटकातून घेतात.”

“घेतात ना? मग जा.”

सगळे हसले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते नेमकं त्याच दिवशी बरोबर असावं याचा मला भयंकर राग आला होता. मीही त्याच चिंचेखाली वाढलो होतो. साहेब लोकांच्या बॅगा वाहता वाहता खेळायला शिकलो, प्रो झालो, म्हणजे पैशांसाठी खेळणारा झालो. त्यामुळे मेंबरांच्या लेखी मी नोकर होतो आणि कॅडींच्या लेखी साहेब.

इंदू, माझी बायको, मला डबा द्यायला आली होती. डबा देऊन ती पुढे डंकावर जायची. गावातल्या मिरची-मसाल्याच्या डंकावर ती कामाला होती. तिने डबा माझ्या हातात दिला, बॅग खांद्याला लावली आणि फाटकातून आत चालायला लागली. मी मागून.

“अगं, तुला यातलं काही कळत नाही.”

“तुम्ही मागाल ती काठी द्यायची. अजून काय असतं?”

“कुठे उभं राहायचं, कधी बोलायचं नाही…”

“न बोलण्याची मला सवय आहे,” ती म्हणाली. मागून खंडू ओरडला, “वहिनी, टोपी घेऊन जा!” तेव्हा इंदूने मागे न बघता नुसता हात हलवला.

नांदगिरी कॅम्पचा हा क्लब इंग्रजांच्या वेळचा. पाण्याची ओढाताण, त्यामुळे होलभोवती, म्हणजे चेंडू पाडायच्या भोकाभोवती, हिरवळ नव्हती. वाळूत जळकं तेल कालवून तिचा गोल केलेला असे. त्याला ब्राऊन म्हणायचे. चेंडू ढकलण्याआधी त्यावरून लाकडी फळी ओढून पावलं मिटवायची. दिल्ली-कलकत्त्याचे मोठे खेळाडू त्यावर हसायचे. तरी भैरव पंप कंपनीने इथे स्पर्धा भरवली, कारण मालकाला गोल्फचा नाद लागला होता. पहिल्या वर्षी मोठा तंबू पडला, बँड आला. दुसऱ्या वर्षी बँड नव्हता. तिसऱ्या वर्षी तंबूसुद्धा लहान होता. ही स्पर्धा फार टिकणार नाही हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, बोलत कुणी नव्हतं.

माझं मात्र सगळं त्या वर्षावर होतं. क्लबला कायमचा प्रो नेमायचा होता. मेंबरांना आणि त्यांच्या मुलांना शिकवायला. त्या नोकरीबरोबर सामानाच्या खोलीमागचं दोन खोल्यांचं क्वार्टर मिळणार होतं, घरात नळ असलेलं. कमिटीत ठराव झाला होता की आमच्यापैकी कुणी ही ओपन स्पर्धा जिंकली तर नोकरी त्याची. क्लबचे सेक्रेटरी खासनीस यांना हा ठराव आवडला नव्हता. त्यांना बाहेरून इंग्रजी बोलणारा माणूस आणायचा होता. पण ठराव झाला होता. इंदू एकदा गुपचूप ते क्वार्टर बघून आली होती. नळ सोडून बघितला म्हणाली. पाणी आलं म्हणाली.

माझ्याबरोबर शेवटच्या जोडीत लतीफ मुजावर होता. मिरजेचा. तोही कॅडीचा प्रो झालेला. त्याची बॅग त्याच्या पुतण्याने धरली होती. लतीफ त्या दिवशी वाईट खेळत होता आणि त्यामुळे मजेत होता.

“उंडे, वहिनींना कशाला आणलंस? आ… आक छी!”

“काय झालं?”

“अरे मिरची! वहिनी, तुम्ही लांब उभ्या राहा. मी मारायला गेलो की नाकात…” पुन्हा शिंक. चेंडू बाभळीत. “हे बघा. हा फटका तुमच्या नावावर.”

“तुमचा आधीचाही तिथेच गेला होता, भाऊजी,” इंदू म्हणाली. “तेव्हा मी तिकडे होते.”

लतीफ हसून खाली बसला. मला हसू येत नव्हतं. ती चुकीच्या बाजूला उभी राहायची, तिची सावली माझ्या रेषेत पडायची, मी हात केला की भलतीच काठी द्यायची. एकदा तिने ब्राऊनवरून सरळ चालत जाऊन झेंडा उपटून आणला आणि माझ्या हातात दिला. मी दातओठ खात होतो. पण खेळ मात्र होत होता. का कोण जाणे, पण होत होता. आमच्या आधी खेळून संपवलेला कलकत्त्याचा तपन नावाचा खेळाडू सगळ्यांत कमी फटक्यांमुळे वर होता, आणि सोळावा, सतरावा, अठरावा हे तीन होल ठरल्या फटक्यांत काढले की मी त्याच्याही एका फटक्याने वर जाणार होतो.

सोळाव्याचा पहिला फटका मी असा मारला की लतीफ गप्प झाला. चेंडू बरोबर मधोमध पडला. उन्हं तिरपी झाली होती. घाम डोळ्यांत उतरत होता. चालता चालता मी हात पुढे केला, इंदूने टॉवेल दिला, मी तोंड पुसलं.

तो क्लबचा टॉवेल नव्हता. तिने कमरेला खोचलेला, डंकावर नाकातोंडाला बांधायचा पंचा होता.

डोळ्यांत कुणी निखारे घातल्यासारखं झालं. मी ओरडलो. काही दिसेना.

“अगं बाई,” इंदू म्हणाली. “अहो, चोळू नका! चोळू नका!”

सोळाव्याच्या कडेला कंपनीने जाहिरातीसाठी एक पंप लावून ठेवला होता. विहिरीतलं पाणी उपसून तो दिवसभर मोठी धार सोडत असायचा आणि ते पाणी पाटाने परत विहिरीत जायचं. इंदूने मला हाताला धरून त्या धारेखाली नेलं. मी डोकंच पाण्यात घातलं. पंपाची घरघर एवढी की बाकी काही ऐकू येत नव्हतं. इंदू बॅगेपाशी परत गेली. लतीफ आणि त्याचा पुतण्या लांब बाभळीत चेंडू शोधत होते.

बऱ्याच वेळाने मी डोकं वर काढलं. अंधुक दिसत होतं. जीप आली होती. पुण्याहून बोलावलेले पंच कर्नल सेठना इंदूपुढे उभे होते. उंच, पारशी म्हातारा, हातात वायरलेस. मी धडपडत तिकडे गेलो, तर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

“वेल प्लेड, उंडे,” ते म्हणाले. “बहुत दुःख वाटला. पण डोळा पहिला. खेळ नंतर.”

मला वाटलं, चौकशी करतायत. मी म्हणालो, “थँक्यू, सर.”

त्यांनी मान हलवली, सलाम केल्यासारखा हात केला आणि जीपमध्ये बसून गेले.

“चल,” मी इंदूला म्हणालो. “दिसतंय आता. पाचवी काठी दे. चेंडू कुठाय?”

तिने पदराची गाठ सोडून चेंडू माझ्या तळहातावर ठेवला.

“हा इथे कसा?”

“त्यांनीच उचलून दिला. म्हणाले, बाई, घेऊन जा.”

“उचलून दिला? खेळातला चेंडू? आणि तू घेतलास?”

“एवढा मोठा साहेब देतोय तर काय नको म्हणू?”

तेवढ्यात तंबूवरचा कर्णा खरखरला. कंपनीचा दाबके नावाचा माणूस माइकवर बोलायचा. आवाज सगळ्या मैदानावर घुमला. “सूचना. आपल्या नांदगिरीचे खेळाडू एन. जी. उंडे यांनी डोळ्याच्या दुखापतीमुळे स्पर्धेतून निवृत्ती घेतली आहे. निवृत्ती घेतली आहे.”

मी इंदूकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“काय बोललीस तू त्यांना?”

“काही नाही.”

“इंदू, काय बोललीस?”

“ते म्हणाले, यांना काय झालं. मी म्हणाले, डोळ्यात गेलं. मग ते म्हणाले, आता काय? मला वर कळवायचं आहे, बोल, काय कळवू? मी म्हणाले, तुम्हीच बघा. तर ते म्हणाले, अरे बाई, बोल ना, काय सांगू वर? घाई करत होते. मला वाटलं…” ती थांबली. “मला वाटलं, तुमचं नाव विचारतायत.”

“मग?”

“मग सांगितलं.”

“काय?”

“जे आहे ते.”

“माझं नाव?”

“मग कुणाचं?” ती एकदम चिडून म्हणाली. “पुन्हा विचारलं, पक्का का? आता नावात पक्कं काय असतं? म्हटलं, पक्का.”

माझं नाव निवृत्ती. निवृत्ती गंगाराम उंडे. क्लबात मला सगळे उंडे म्हणत, गुणांच्या फळ्यावरच्या पाटीवर एन. जी. लिहीत. फौजेतून निवृत्त झालेल्या, पेन्शनच्या कागदांवर हाच शब्द वर्षानुवर्षं वाचणाऱ्या त्या कर्नलला मराठीतले जे थोडे शब्द पक्के माहीत होते, त्यांतला हा एक.

आमच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. लग्नात माझ्या बहिणींनी दार अडवलं होतं, नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणून. इंदू उन्हात उभी राहिली. शेवटी बहिणींनाच तिची दया आली. त्यानंतर मी ‘अहो’ होतो, शेजारणींत ‘आमचे हे’ होतो. तिच्या तोंडून माझं नाव मी ऐकलेलं नव्हतं. आणि ती ते पहिल्यांदा बोलली, तेव्हा माझं डोकं पंपाच्या धारेखाली होतं.

लतीफ बाभळीतून काट्यांनी ओरबाडलेला बाहेर आला. “अरे, तू निवृत्त झालास? आणि हे मला कर्ण्यावरून कळतंय?”

मी त्याला सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला. मग तो हसला नाही, हे मला अजून आठवतं. म्हणाला, “चल. खेळू नकोस आता. आधी वर चल. मी पण येतो.”

क्लबहाउसच्या व्हरांड्यात आम्ही प्रो लोक चढत नसू. पायरीपर्यंत जायचं आणि थांबायचं. तिथे पोहोचलो तर फळ्यावरची माझ्या नावाची पाटी काढून खाली भिंतीला उलटी टेकवलेली. खासनीस वेताच्या खुर्चीत बसले होते. शेजारी दाबके, हातात चहा. कर्नल कठड्याला टेकून उभे.

मी पायरीवरूनच सगळं सांगितलं. माझा आवाज चढला असावा, कारण आजूबाजूचे लोक गोळा झाले.

“हळू,” खासनीस म्हणाले. “म्हणजे तुझं म्हणणं असं, की तुझ्या बायकोने तुझं नाव सांगितलं.”

“हो.”

“कर्नल, दिस इज नॉट पॉसिबल.” मग ते मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “यांच्यातल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आमच्याकडे कामाला येते तिला विचारा. दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारलं तर मुलाला पुढे करते. ही बाई परक्या पुरुषासमोर, मैदानात, नवऱ्याचं नाव घेईल? तिने निवृत्तीच सांगितली. आता तपन पुढे गेलेला दिसल्यावर यांना सुचतंय हे.”

“साहेब, तपन पुढे नाही. मी पुढे…”

“तू बोलू नकोस.”

“मी विचारला, पक्का का,” कर्नल म्हणाले. “ती बोलली, पक्का.”

“झालं,” खासनीस म्हणाले.

मी खोटं बोलतोय असं ते म्हणत होते, आणि पुरावा काय, तर माझ्या बायकोचं चांगलं वळण. मला त्या वेताच्या खुर्चीला लाथ मारावीशी वाटत होती. लतीफने माझा दंड धरून ठेवला होता.

“कार्ड बघा,” लतीफ म्हणाला. “नाव काय आहे त्याचं ते बघा.”

“नाव काय आहे हा प्रश्न नाही, मुजावर. ती काय बोलली हा प्रश्न आहे.”

इंदू बॅग घेऊन माझ्यामागे उभी होती. तिने बॅग खाली ठेवली. पदर डोक्यावर घेतला. मला वाटलं, ती जायला निघाली. तर ती पायऱ्या चढून वर व्हरांड्यात गेली. खासनिसांच्या खुर्चीपुढे उभी राहिली.

“मी काय बोलले ते मला विचारा ना,” ती म्हणाली.

“बरं. काय बोललात?”

तिने पदराचं टोक मुठीत धरलं. मागे कुणीतरी खुसखुसलं. दाबके चहाचा कप ठेवत म्हणाला, “अहो, उखाण्यात घ्या, म्हणजे सोपं जाईल!” तंबूपर्यंत हशा गेला.

इंदू त्याच्याकडे वळली. “उखाणा लग्नात घेतात, साहेब. इथे कुणाचं लग्न लागलंय?”

हशा आणखी वाढला, पण आता तो दाबकेवर होता. तो ओसरेपर्यंत ती थांबली. तिची नजर माझ्यावर नव्हती. फळ्याखाली उलट्या ठेवलेल्या पाटीवर होती.

“निवृत्ती,” ती म्हणाली. “निवृत्ती गंगाराम उंडे. माझा नवरा. मघाशी या साहेबांना हेच सांगितलं होतं. आता पुन्हा सांगितलं. पक्कं आहे. यांना खेळू द्या.”

तिच्या मानेवर घाम आला होता आणि हात पदरात घट्ट धरलेले होते.

सगळ्यांत आधी कर्नल हलले. त्यांनी टोपी काढली. “खासनीस, गाढव मी आहे,” ते म्हणाले. “लिहा. सेठनाने चूक केली. उंडे, चल. चेंडू कुठे होता, मला ठाऊक आहे. मी ठेवतो.”

“पण कर्नल, अनाउन्समेंट झाली आहे,” खासनीस म्हणाले. “पाहुण्यांना…”

“मग पुन्हा करा.”

त्यांनी आम्हाला जीपमध्ये बसवलं. लतीफ, त्याचा पुतण्या, इंदू, मी. चेंडू कर्नलनी स्वतः वाकून जागेवर ठेवला. पण या सगळ्यात उन्हं गेली होती. मैदान करडं दिसायला लागलं होतं. ब्राऊनवर फळी ओढणारे गडी सामना संपला समजून घरी गेले होते.

सोळावा ठरल्या फटक्यांत काढला. सतरावाही. प्रत्येक ब्राऊनवर लतीफ स्वतः फळी ओढायचा. मी नको म्हणालो तर म्हणाला, “तू काठी धर. वाळू माझ्याकडे.” इंदू लांब उभी होती. ती एकदाही चुकीच्या बाजूला उभी राहिली नाही. मला वाटतं, ती श्वासही घेत नव्हती.

अठराव्यावर मला शेवटचा फटका उरला होता. चार पावलांवरून. तो गेला असता तर कप माझा, नोकरी माझी, नळ तिचा. रेषा नीट दिसत नव्हती. मी डोळे बारीक केले. अजून चुरचुरत होते. चेंडू सरळ गेला. अगदी सरळ. भोकाच्या काठावर आला आणि थांबला. खाली पडलाच नाही. लतीफ फळी टाकून गुडघ्यांवर बसला आणि त्याच्यावर फुंकर मारायला लागला. ते नियमात बसत नाही. पण तसाही तो पडला नाही.

मी आणि तपन बरोबरीत.

बरोबरी झाली की पुढे आणखी होल खेळून निकाल लावायचा. पण होलचा झेंडासुद्धा आता दिसत नव्हता. तपन चांगला मुलगा होता. म्हणाला, सकाळी खेळू, मी तिकीट बदलतो. पण दाबके म्हणाला, तंबूवाला सकाळी तंबू उतरवणार आहे, मालक आत्ताच निघतायत, फोटो आत्ताच व्हायला हवा. खासनीस म्हणाले, दोघेही विजेते. टाळ्या झाल्या. कपाचा एक कान मी धरला, एक तपनने, आणि फोटो निघाला. कप क्लबातच राहिला.

फोटो झाल्यावर मी खासनिसांना गाठलं. “साहेब, प्रोच्या जागेचं…”

“ठराव जिंकणाऱ्यासाठी होता, उंडे. जिंकणारा एक. पुढच्या वर्षी एकच नाव लागू दे, मग बघू.”

पुढच्या वर्षी तंबू आला नाही. कंपनीने बैलगाडा शर्यतीला ढाल दिली असं ऐकलं. क्लबाने कुणाला विचारलं नाही, कुणी क्लबाला विचारलं नाही. भैरव पंप ओपन तीन वर्षांत संपली. कॅडींना बूट कधी मिळाले नाहीत. क्वार्टरमध्ये गवत कापायची यंत्रं ठेवली. तो कप मी कितीतरी वर्षं काचेच्या कपाटात बघत होतो. खाली पितळेच्या पट्टीवर पहिल्या दोन वर्षांची नावं कोरलेली आहेत. तिसऱ्या वर्षाची जागा कोरी. दोन नावं मावत नव्हती म्हणे.

मी पुढे मुलांना शिकवलं, तेही तासावर. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

त्या दिवशी घरी जाताना मी सायकल चालवत होतो, इंदू मागे बसली होती, डबा तिच्या मांडीवर. तो उघडलाच नव्हता. चढावर ती उतरून चालली, पुन्हा बसली. मग म्हणाली, “मी गप्प बसले असते तर उजेड राहिला असता, नाही?”

“पंचा तुझा होता,” मी म्हणालो. “नाव बरोबर होतं.”

“हसता का?”

“नाही.”

“आता पुन्हा घेणार नाही हां,” ती म्हणाली. “सांगून ठेवते.”

आणि तिने घेतलं नाही. ही गोष्ट मात्र ती सगळ्यांना सांगायची. हळदीकुंकवाला, दळणाच्या रांगेत, आमच्या पोरींच्या सासरी. माझ्यापेक्षा किती तरी चांगली सांगायची. कर्नलचा आवाज काढायची, लतीफची शिंक काढायची. पण त्या शब्दापाशी आली की थांबायची. म्हणायची, “मग मी ते सांगितलं.” ऐकणाऱ्या बाया विचारायच्या, ते म्हणजे काय? की ही माझ्याकडे बघायची. मी जिथे असेन तिथून ओरडायचो, “निवृत्ती!” मग सगळ्या हसायच्या. मी घरी नसलो तर ती गोष्ट सांगायचीच नाही.

गेल्या पावसाळ्यात तिला दवाखान्यात ठेवलं. डंकावरच्या इतक्या वर्षांनी छाती भरली होती. काचेच्या दारामागे तिला ठेवलं होतं आणि मला आत सोडत नव्हते. भेटायची वेळ संध्याकाळची. मी थर्मास घेऊन बाकावर बसून असायचो. आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, आणि प्रत्येकजण म्हणायचा, बाबा, बसा.

एका दुपारी दार उघडून एक नर्स बाहेर आली. नवीन मुलगी, फार तर माझ्या नातीएवढी. तिने इकडेतिकडे बघितलं.

“त्या कडेच्या आजींबरोबर कोण आहे?”

मी उभा राहिलो.

“बाबा, आजी काही पेन्शनीत आहेत का? सकाळपासून सारखं एकच चाललंय. निवृत्ती, निवृत्ती. मी म्हटलं, आजी, पेन्शनीचं होईल सगळं, तर मान हलवतात. नाही म्हणतात. काही काम अडकलंय का त्यांचं?”

थर्मास मी बाकावर ठेवला.

“पेन्शन नाही, बाळ,” मी म्हणालो. “ते मीच.”